मडगावचे स्टेशन नेमके कुणाचे?

मडगाव स्टेशनवर उभे राहिले की एक गंमत चटकन लक्षात येत नाही. एका फलाटावर मुंबईहून आलेली कोकणकन्या विसावलेली असते, शेजारच्या रुळावर वास्कोहून कुळ्याकडे निघालेली पॅसेंजर उभी असते. आपल्याला दोन्ही गाड्या सारख्याच. तिकीट काढायचे, चढायचे, जागा मिळाली तर बसायचे. पण कागदोपत्री या दोन गाड्यांची घराणी वेगळी आहेत. मुंबईहून येऊन बाळ्ळी-काणकोणमार्गे मंगळूरकडे जाणारा मार्ग कोकण रेल्वेचा. वास्कोहून येऊन चांदर, कुडचडे, कुळे करीत घाट चढणारा मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेचा. एकीचे मुख्यालय नवी मुंबईत बेलापूरला, दुसरीचे हुबळीला. स्टेशन कोकण रेल्वेचे, पण दुसऱ्या रेल्वेच्या गाड्या इथूनच जातात. म्हणजे एका घरात दोन भावांचे बिऱ्हाड, आणि दोघांचेही कारभारी परगावी!

मी काही इतिहासकार नव्हे. सरकारी कचेरीतला कारकून. पण कारकुनाला एक सवय जडलेली असते. कुठलीही गोष्ट समोर आली की ही फाइल कुठल्या टेबलावरून निघाली आणि शेवटची सही कुणाची, हे तो आधी पाहतो. मडगावच्या रेल्वेकडे मी त्याच नजरेने पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की १८८८ पासून आजतागायत या स्टेशनाची शेवटची सही एकदाही मडगावात झालेली नाही. पणजीतही नाही. ती सही कधी लंडनला झाली, कधी धारवाडला, कधी मद्रासला, कधी सिकंदराबादला. ही कथा जराशी सविस्तर सांगण्यासारखी आहे.

सुरुवात रुळांपासून नाही, मिठापासून करावी लागते.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनला इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये एक करार झाला. तो १८८० च्या जानेवारीत अंमलात आला. इंग्रजांना हवे होते ते असे. हिंदुस्थानात मिठावर त्यांची जबर कर-आकारणी होती आणि गोव्यातले स्वस्त मीठ चोरवाटांनी घाटावर जात होते. दारूचेही तेच. तेव्हा गोव्यातल्या मिठाचा आणि अबकारीचा बंदोबस्त आपल्या हाती यावा, आणि दोन्ही मुलखांमधली जकात एक व्हावी, असा त्यांचा डाव होता. पोर्तुगिजांना त्याबदल्यात दरसाल चार लाख रुपये आणि मुरगाव बंदरापासून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे मिळणार होती.

कागदावर हा सौदा वाईट दिसत नव्हता. धारवाड, बेळगाव, बळ्ळारीकडचा कापूस आणि धान्य मुरगावला उतरेल, मुंबईशी टक्कर देणारे बंदर उभे राहील, खजिना भरेल, अशी स्वप्ने पणजीत आणि लिस्बनमध्ये रंगवली जात होती. घाटावरही रेल्वेची निकड होती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रात माणसे अन्नान्न करून मेली होती, आणि धान्य वेळेवर पोहोचवायला वाट नव्हती. त्या अनुभवातूनच पुढे १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी निघाली. हुबळी-धारवाडच्या त्या जाळ्याला समुद्राचे सर्वांत जवळचे तोंड म्हणजे आमचे मुरगाव.

पण या कराराची किंमत कुणी मोजली? मिठागरांवर पोट असलेल्यांनी आणि माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांनी. मिठाच्या उत्पादनावर बंधने आली, परवाने आले, परक्या अंमलदारांची देखरेख आली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या खाजनांत मीठ पिकत होते तिथे ते पिकवायला परवानगी लागू लागली. गोव्यात या कराराबद्दल जो राग होता तो काही केवळ स्वाभिमानाचा नव्हता, तो पोटाचा होता. करार १८९२ साली संपला, त्याचे नूतनीकरण झाले नाही. मीठ आणि सूर पुन्हा आपल्या वाटेने गेली, रेल्वे तेवढी राहिली. आपल्या आगगाडीच्या पायाखाली कुणाच्या तरी मिठागराचे नुकसान आहे, हे विसरू नये एवढ्यासाठी हे सांगितले.

रेल्वे बांधली कोणी? पोर्तुगीज सरकारने नव्हे. त्यासाठी १८८१ साली लंडनमध्ये एक कंपनी निघाली. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे असे तिचे लांबलचक नाव. ड्यूक ऑफ सदरलंड यांच्यासारखी बडी इंग्रज मंडळी तिच्या मागे होती. भांडवल इंग्रजांचे, आणि त्या भांडवलावर ठराविक व्याज मिळेलच याची हमी पोर्तुगीज सरकारची. म्हणजे गाडी चालली तरी भागधारकांचा फायदा, आणि नाही चालली तरी तोटा पोर्तुगीज तिजोरीचा. आमच्या कचेरीत असा कागद पुढे आला असता तर एखाद्या जुन्या हेडक्लार्कने त्यावर लाल शाईने मोठे प्रश्नचिन्ह काढले असते!

बंदर आणि रेल्वे यांचे काम बरोबरच चालले. मुरगावपासून सावर्ड्यापर्यंतचा सपाटीचा भाग आधी, १८८७ मध्ये सुरू झाला. मग घाट. कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतचे अंतर जेमतेम पंचवीस-सव्वीस किलोमीटर, पण तेवढ्यात सह्याद्री चढून सुमारे सहाशे मीटरची उंची गाठायची. बोगदे खणत, दऱ्यांवर पूल टाकत, दूधसागरच्या धबधब्यासमोरून ही वाट वर नेली गेली. १८८८ च्या सुरुवातीला ती कॅसलरॉकला जाऊन ब्रिटिश हद्दीतल्या रुळांना मिळाली. एकूण सुमारे ८२ किलोमीटरची मीटरगेज. आज आपण धबधब्यावरून जाणाऱ्या गाडीचे फोटो पाहतो, कौतुक करतो. पावसाळ्यात त्या जंगलात रूळ टाकणाऱ्या मजुरांची नावे मात्र कुठल्याही फलकावर नाहीत.

या सगळ्यात मडगाव कुठे होते? खरे म्हणजे कुठेच नाही. योजना बंदराची होती आणि घाटाची होती. मडगाव वाटेत लागले इतकेच. ते ना टोकाचे स्टेशन, ना सरहद्दीचे. कोमुनिदादींच्या शेतांतून आणि माडांच्या राईंतून कासावली, माजोर्डा करीत येणारी गाडी इथे थांबायची आणि पुढे चांदरकडे निघायची. पण सासष्टीची मोठी बाजारपेठ इथे होती, आणि बाजार असला की माणसे असतात, आणि माणसे असली की त्यांना कुठेतरी जायचे असते. कंपनीने कापसासाठी रूळ टाकले. मडगावकरांनी ते प्रवासाला वापरले.

सासष्टीतला कुक, वाजंत्री, तारवटी मुंबईच्या वाटेला लागला. सारस्वत दुकानदार बेळगाव-हुबळीच्या पेठांशी जोडला गेला. शिकणारी मुले धारवाडला, बेळगावला, पुण्याला जाऊ लागली, कारण पोर्तुगीज अमदानीत मराठीतून वा इंग्रजीतून पुढचे शिक्षण हवे तर घाट चढण्यावाचून गत्यंतर नव्हते. समुद्रमार्गे बोटी होत्याच, पण पावसाळ्यात बोट बंद, आगगाडी चालू. आमच्या घरात आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी मराठी पुस्तकांचे पार्सल आले की ते सोडवायला स्टेशनवर जाणे हा एक सोहळा असे. तारखा त्यांना आठवत नसत, पुस्तकांचा वास आठवत असे.

आता या रेल्वेचा पहिला ‘सामायिक’ संसार पाहा. एक रूळ, दोन सरकारे. कॅसलरॉकला इंग्रजांची जकात, कुळ्याला पोर्तुगिजांची. १८९२ ला करार संपल्यावर एकत्र जकातीची व्यवस्थाही संपली आणि ही दोन ठाणी प्रवाशाच्या नशिबी कायमची आली. मडगावहून बेळगावला लग्नाला निघालेल्या कुटुंबाला दोनदा ट्रंका उघडून दाखवाव्या लागत. एकाने पाहिलेले दुसऱ्याला पुन्हा पाहायचे असे. गाडी तीच, रूळ तेच, मधे काही मैलांचे जंगल. पण त्या जंगलात देश बदलत होता.

तिकडे कंपनीचा हिशेब जुळत नव्हता. अपेक्षेएवढा माल मुरगावला येईना. मुंबई बंदर बलाढ्य, ब्रिटिश हद्दीतले मालवाहतुकीचे दर ठरवणे दुसऱ्यांच्या हाती, आणि जकात सवलतीचा करार मोडलेला. पोर्तुगीज तिजोरी हमीचे व्याज भरत बसली. शेवटी १९०२ मध्ये गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वेकडे सोपवण्यात आले. तिचे मुख्यालय धारवाडला होते. आज कर्नाटक कॉलेज ज्या देखण्या वास्तूत आहे, तीच ती कचेरी. पुढे १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेशी एक होऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ झाली आणि कारभार मद्रासला गेला.

म्हणजे हिशेब असा. भागधारक लंडनचे, हमी लिस्बनची, चालक धारवाडचे आणि नंतर मद्रासचे, जमीन गोव्याची. गोव्याच्या माणसाच्या वाट्याला फक्त तिकीट.

तरीही हीच गाडी पुढे गोव्याच्या राजकारणात शिरली. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी नागरी स्वातंत्र्याची हाक दिली, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. लोहियांना पकडून गोव्याबाहेर काढण्यात आले. पण ते परत आले. २९ सप्टेंबर १९४६ रोजी ते पुन्हा गोव्यात शिरले तेव्हा पोलिसांनी त्यांना पकडले ते कुळे स्टेशनवर. तिथून आग्वादच्या कोठडीत आणि मग पुन्हा हद्दपार. कापसासाठी बांधलेल्या वाटेने आता विचार येऊ लागले होते, आणि जकात ठाण्यावर ट्रंकेत सापडणारी ती चीज नव्हती.

१९४७ साली पलीकडे इंग्रज गेले. अलीकडे पोर्तुगीज राहिले. मद्रासची ती कंपनी आधीच हिंदुस्थान सरकारने ताब्यात घेतली होती आणि १९५१ मध्ये तिची दक्षिण रेल्वे झाली. स्वतंत्र भारताची रेल्वे पोर्तुगीज वसाहतीत गाड्या चालवते आहे, असा तो विचित्र काळ. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्दीवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर भारताने संबंध तोडले आणि घाटावरची रेल्वे वाहतूक बंद झाली.

या बंदीचा अर्थ मडगावात काय झाला असेल, याची कल्पना करा. मुंबई-पुण्याला मुले, भाऊ, नवरे. आणि वाट बंद. बेळगावहून येणारी भाजी, कांदे, कापड, सगळ्यांची साखळी तुटली. पोर्तुगिजांनी बाहेरून माल आणला, दाबोळीचा विमानतळ उभारला, पण ती काही घाटाची बरोबरी नव्हती. गाडी होती, पण ती गोव्यातल्या गोव्यात फिरत होती. खिडकीतून कुळ्याच्या पुढे रूळ दिसत, पण गाडी तिथूनच मागे वळे. आमच्या घरातली एक मोठी बाई आपल्या माहेराला, म्हणजे बेळगावला, त्या सहा-सात वर्षांत एकदाही जाऊ शकली नाही. तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांतही नाही. इतिहासाच्या पुस्तकात ‘आर्थिक नाकेबंदी’ असे दोन शब्द असतात. घरात त्याच्या अशा कहाण्या असतात.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. तुटलेला दुवा पुन्हा जोडला गेला आणि ही लाइन भारतीय रेल्वेत आली. जकात ठाणी गेली. आता तरी रेल्वे गोव्याची झाली का? नकाशावर झाली. कारभारात मात्र १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे हा नवा विभाग निघाला, हुबळीचा कारभार त्यात गेला, आणि आमचे मुख्यालय सिकंदराबादला जाऊन बसले. मडगावच्या फलाटावर पत्रे घालायचे तरी फाइल हुबळीहून सिकंदराबादला जायची. फाइलींचा वेग मला ठाऊक आहे, म्हणून अधिक बोलत नाही.

माझी स्वतःची आठवण या मीटरगेजच्या शेवटच्या वर्षांची आहे. माझे आजोळ कुडचड्याचे. मे महिन्यात मडगावहून गाडीने जायचे. ते लहानखुरे डबे, लाकडी बाके, चांदरच्या आसपास दोन्ही बाजूंना पसरलेली शेते, आणि डब्यात चढणाऱ्या मासळीवाल्यांच्या पाटल्या. मोठी माणसे मुंबईला जायची त्यांचा प्रवास मात्र दिव्य असे. घाट चढून लोंढा, तिथून बेळगाव, मिरज. मीटरगेज आणि ब्रॉडगेज जिथे भेटत तिथे सामानसुमान, पोरेबाळे घेऊन गाडी बदलायची. मुंबईला राहणारे आमचे काका मिरजेचे नाव काढले की ‘हमाल’ एवढा एकच शब्द उच्चारायचे. पुष्कळ जण म्हणूनच बस किंवा बोट पसंत करीत.

कोकणातून रेल्वे जावी ही मागणी तशी जुनी. बॅ. नाथ पै, प्रा. मधु दंडवते यांनी ती संसदेत लावून धरली. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख झाले. पैसा उभा करण्याची रीत नवी होती. केंद्राबरोबर ज्या राज्यांतून गाडी जाणार त्यांनीही भांडवल घालायचे. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, केरळचा ६ आणि गोव्याचा ६.

हा सहा टक्क्यांचा आकडा लहान वाटेल. पण पाहा, मडगावात पहिली आगगाडी आल्याला शंभर वर्षे उलटून गेल्यावर प्रथमच गोव्याचे नाव रेल्वेच्या मालकांच्या यादीत लागले होते.

आणि नेमक्या याच रेल्वेवरून गोव्यात मोठा वाद पेटला. मार्ग किनाऱ्याजवळून, खाजन शेतीतून, जुन्या गोव्याच्या जवळून आणि दाट वस्तीच्या गावांतून जाणार होता. तो आतल्या तालुक्यांतून न्यावा अशी मागणी घेऊन लोक रस्त्यावर आले. भरावामुळे पाणी अडेल, बांध फुटतील, वारसावास्तूंना हादरे बसतील, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला लवकर रेल्वे हवी म्हणणारेही तितकेच होते. घराघरांत दोन तट पडले. १९९३ साली केंद्राने गोव्यातल्या काही भागाचे काम थांबवले, न्यायमूर्ती ओझा यांची चौकशी झाली, आणि अखेर मूळ मार्ग जवळपास तसाच राहिला. त्या वेळी विरोध करणाऱ्यांना ‘विकासाचे शत्रू’ म्हटले गेले. मला वाटते, मिठागरांचा अनुभव असलेल्या प्रदेशाने रेल्वे येताना ‘किंमत कोण मोजणार?’ असे विचारले, यात शत्रुत्व कसले? तो प्रश्न विचारायला आपल्याला शंभर वर्षे उशीर झाला होता, एवढेच.

त्याच दशकात जुन्या मीटरगेजचेही ब्रॉडगेज झाले. काम चालू असताना गाडी बंद, आजोळी जायचे ते बसने. कोकण रेल्वेने मडगावात नवे मोठे स्टेशन बांधले आणि जुने स्टेशन मागे पडले. जुन्या मडगावकरांच्या तोंडी अजून ‘जुने स्टेशन’ आणि ‘कोकण रेल्वे’ अशा दोन वेगळ्या जागा आहेत. रिक्षावाल्याला नुसते ‘स्टेशन’ म्हटले की नव्याकडेच नेतो, हे खरे. पेडण्याच्या बोगद्याने अभियंत्यांना शेवटपर्यंत रडवले. भुसभुशीत माती कोसळत राहिली. तो पुरा झाला आणि २६ जानेवारी १९९८ ला मुंबई ते मंगळूर वाट सलग खुली झाली. मी तेव्हा कॉलेजात होतो. मुंबईला रात्री निघून सकाळी मडगावात, गाडी न बदलता! काकांनी त्या वर्षी चतुर्थीला येऊन ‘हमाल’ हा शब्द उच्चारला नाही.

आता दोन रेल्वे एकत्र नांदतात कशा, ते थोडक्यात. उत्तरेकडून करमळी, वेर्णा करीत येणारी कोकण रेल्वे माजोर्ड्याला वास्कोच्या जुन्या मार्गाला भेटते. तिथून सुरावलीवरून मडगावपर्यंत दोन्ही वाटा जोडीने येतात. मडगाव सोडले की फाटतात. एक दक्षिणेला बाळ्ळीकडे, दुसरी पूर्वेला चांदरकडे. हा इवलासा तुकडा म्हणजे या दोन्ही रेल्वेंचा सामायिक अंगणाचा भाग. इथे एका रेल्वेची गाडी दुसरीच्या हवाली केली जाते, तिची वेळ नोंदवली जाते. एकीला उशीर झाला की दुसरीचे वेळापत्रक खोळंबते. २००३ मध्ये दक्षिण पश्चिम रेल्वे निघाली आणि सिकंदराबादची फाइल हुबळीला आली, एवढे अंतर मात्र कमी झाले.

या जोडणीचा फायदा आपण रोज घेतो आणि विसरतो. मडगावहून दिल्लीला जायचे तर कोकणातूनही वाट आहे आणि गोवा एक्सप्रेसने घाट चढून बेळगाव, मिरज, पुणे करीतही. समुद्रकाठची वाट आणि सह्याद्रीची वाट एकाच फलाटावर भेटतात. त्यामुळे इथे कोकणी, मराठी, कन्नड, मल्याळम, हिंदी सगळे एकदम ऐकू येते. स्टेशनचे नाव देवनागरीत ‘मडगाव’, पण रेल्वेच्या दफ्तरी त्याची खूण ‘एम ए ओ’. ही अक्षरे ‘मडगाव’पेक्षा पोर्तुगीज वळणाच्या ‘मारगांव’शी अधिक जुळतात. नाव आपले, खूण जुन्या धन्याची! जून २०२३ मध्ये मुंबईहून मडगावला वंदे भारतही सुरू झाली. तिच्या चकचकीत तिकिटावरही तीच तीन अक्षरे असतात.

आता आजच्या दोन गोष्टी, ज्यांच्यासाठी हा सगळा इतिहास उगाळला.

पहिली गोष्ट दुपदरीकरणाची. वास्को ते घाटापर्यंतच्या जुन्या मार्गाला दुसरा रूळ घालण्याचे काम निघाले आणि त्याला गावोगाव विरोध झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्री रुळांवर बसले. त्यांचे म्हणणे असे की हा दुसरा रूळ प्रवाशांसाठी नाही, मुरगावला उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना पोचवण्यासाठी आहे. घराच्या भिंतीलगत रूळ आणि अंगणात काजळी कोणाला हवी? रेल्वेचे म्हणणे, वाढत्या वाहतुकीला जागा हवी. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या जंगलभागासाठी दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मला या वादात १८७८ चा करार दिसतो. बंदर इथे, माल तिथला, मधली वाट आमची. तेव्हा कापूस खाली येणार होता, आता कोळसा वर जातो. दिशा तेवढी उलटली.

दुसरी गोष्ट विलीनीकरणाची. कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करावे असे बरीच वर्षे घाटते आहे. महामंडळाच्या डोक्यावर कर्ज आहे, दुपदरीकरणासारख्या कामांना पैसा नाही, हे कारण खरेच आहे. भागीदार राज्यांची अनुकूलता मिळत गेली आणि २०२५ साली महाराष्ट्रानेही, ‘कोकण रेल्वे’ हे नाव राखावे या अटीसह, संमती दिली. उद्या हे झाले तर गाड्या वाढतील, सोयी सुधारतील, अशी आशा आहे आणि ती अस्थानी नाही. पण त्याबरोबर गोव्याचा तो सहा टक्क्यांचा वाटाही जाईल. महाराष्ट्राने नावाची अट घातली, ठीक. आपण कशाची अट घातली, हे गोव्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

सहा टक्क्यांनी फार काही होत नव्हते, हे मान्य. बैठकीत एक खुर्ची, एवढेच. पण कारकुनाला खुर्चीचे मोल कळते. जो खोलीत असतो त्याला निदान कागद वाचायला मिळतो. १८७८ मध्ये मीठ पिकवणाऱ्याला कुणी कागद दाखवला नव्हता. १९०२ मध्ये मडगावच्या व्यापाऱ्याला कुणी विचारले नव्हते. ती एक खुर्ची जाणार असेल, तर तिच्या बदल्यात गोव्याला बोलण्याची दुसरी कुठली जागा मिळते, ते आधी लेखी ठरवून घ्यावे. वेळापत्रक असो, कोळसा असो, कुळ्यापर्यंतच्या पॅसेंजर असोत, आपल्याशी बोलल्यावाचून ठरू नये. एवढी मागणी करायला कुठल्याही पक्षाचे असावे लागत नाही.

आणि एक छोटे काम आपल्याच हातातले. जुन्या मडगाव स्टेशनाची, कुळ्याच्या जकातीची, १९५५ नंतरच्या बंद वाटेची आठवण असलेली माणसे आता थोडी उरली आहेत. आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांजवळ बसून ती लिहून काढा. कुणी कधी कुठे गेले, ट्रंकेत काय होते, कोण जाऊ शकले नाही. कंपनीचे हिशेब लंडनच्या कपाटात व्यवस्थित ठेवलेले असतील. आपले हिशेब आपणच नीट लावून ठेवलेले बरे.